शब्द येतात, वाक्य निसटतं: जपानी गेममधून वाचायला शिकलेल्या एका विद्यार्थ्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यात मी संध्याकाळी जपानीचे वर्ग घेते. ज्याच्याबद्दल लिहितेय तो विद्यार्थी माझ्याकडे आला तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. मेकॅनिकल इंजिनिअर, चाकणला क्वालिटी विभागात नोकरी, मूळ कंपनी जपानची. त्याची परवानगी घेऊन हे लिहिलं आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

कामावर त्याचं इंग्रजीत भागत होतं. पण ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या टिपा जपानीत असायच्या, आणि जपानहून आलेल्या मेलच्या खाली जी जुनी साखळी लटकत यायची तीही जपानीतच. त्या साखळीत खरा निर्णय कुणी आणि का घेतला हे लिहिलेलं असतं, आणि नेमकं तेच आपल्याला कळत नाही, ही त्याची खंत होती. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेच्या एन-५ आणि एन-४ या सर्वांत सोप्या दोन पातळ्या त्याने पहिल्याच फटक्यात पार केल्या होत्या. एन-३ ला अडकला.

निकालाचा कागद त्याने माझ्यासमोर ठेवला. एन-३ ला १८० पैकी ९५ गुण लागतात. त्याला ९८ होते, तरी तो नापास होता. भाषाज्ञान, वाचन आणि श्रवण या तिन्ही भागांत प्रत्येकी ६० पैकी किमान १९ मिळावेच लागतात. त्याला भाषाज्ञानात ४० होते, श्रवणात ४२ आणि वाचनात १६.

“सेन्सेई, सगळ्यात जास्त मेहनत मी वाचनावरच घेतली होती,” तो म्हणाला. वह्या बघितल्यावर ते खरंच होतं असं दिसलं. वाचनाच्या सरावाची दोन जाड पुस्तकं शेवटच्या पानापर्यंत सोडवलेली होती.

अडचण नेमकी काय होती

मी त्याला एन-३ च्या पातळीचा एक उतारा मोठ्याने वाचायला दिला. त्याने तो जवळजवळ न अडखळता वाचला. मग विचारलं, “दुकानात परत कोण गेलं?” त्याला सांगता येईना. पुन्हा वाचायला सांगितलं. पुन्हा छान वाचलं, पुन्हा उत्तर नाही.

मराठी विद्यार्थ्यांच्या बाबतीत हे मी वारंवार पाहते. देवनागरीत अक्षर दिसलं की उच्चार होतो, आणि उच्चार झाला की आपल्याला वाचल्यासारखं वाटतं. जपानी काना, म्हणजे नुसता उच्चार दाखवणारी लिपी, आपल्याला सोपी जाते तीही त्यामुळेच. अ-इ-उ-ए-ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व हा तिचा क्रम बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अभ्यासातून, सिद्धम् लिपीच्या वाटेने जपानात गेला, त्यामुळे आपल्याला तो घरचा वाटतो. हिरागाना आणि काताकाना यांची मिळून ब्याण्णव मूळ अक्षरं हा मुलगा तीन आठवड्यांत शिकला होता. कांजीचा, म्हणजे चीनमधून आलेल्या अर्थ दाखवणाऱ्या अक्षरांचा, व्यवहार मात्र उलटा असतो. तिथे आधी अर्थ दिसतो, उच्चार मागून येतो, कधीकधी येतही नाही. रोजच्या वापरासाठी ठरवून दिलेल्या २१३६ कांजी आहेत, आणि जपानी माणूसही एखाद्या कांजीचा उच्चार विसरून अर्थ बरोबर सांगतो. आमचा विद्यार्थी उच्चाराच्या मागे धावत होता. उच्चार जमला की पुढच्या शब्दावर उडी मारत होता.

त्या दिवशी माझं निदान इथेच थांबलं. वाचन संथ आहे, उच्चारावर लक्ष आहे, वेळ पुरत नाही. एन-३ मध्ये व्याकरण आणि वाचन मिळून ७० मिनिटं असतात आणि शेवटचे दोन उतारे त्याने कोरेच सोडले होते. म्हणजे उपाय एकच, भरपूर वाचन. हे निदान अर्धवट होतं. उरलेला अर्धा भाग मला अडीच महिन्यांनी दिसला, तो पुढे येईलच.

कोणते पर्याय होते

सरावाची आणखी पुस्तकं हा पर्याय आम्ही पाच मिनिटांत बाजूला ठेवला.

तादोकु, म्हणजे सोप्या पुस्तिकांपासून पायरीपायरीने भरपूर वाचत जाणं, ही माझी नेहमीची शिफारस. नियम साधे आहेत: सोप्यापासून सुरू करा, शब्दकोश उघडू नका, न कळलेलं सोडून द्या, पुस्तक जमत नसेल तर दुसरं घ्या. अनेकांना याचा फायदा झालेला मी पाहिला आहे. याने तीन पुस्तिका वाचल्या आणि थांबला. गोष्टी लहान मुलांच्या वाटतात म्हणाला. दिवसभर मशीनवर उभं राहून आलेल्या माणसाला ससा आणि कासव नको वाटले, तर त्याला दोष देता येत नाही. एनएचके या जपानी वाहिनीच्या सोप्या बातम्या आठ दिवस टिकल्या. फुरिगाना असलेल्या मांगाचा विचार झाला (फुरिगाना म्हणजे कांजीच्या डोक्यावर बारीक अक्षरांत दिलेला उच्चार). पण चित्र बघून गोष्ट कळते, शब्दांकडे लक्षच जात नाही, हे त्याने स्वतःच ओळखलं.

गेमचा विषय त्यानेच काढला. मावसभावाचा स्विच, म्हणजे निन्टेंडोचा गेम खेळायचा कन्सोल, घरी पडून होता. मला शंका होती. गेम खेळून जपानी आली असं सांगणारी मुलं दरवर्षी भेटतात, आणि त्यातल्या बहुतेकांना वीस-पंचवीस मेन्यूचे शब्द येत असतात. पण एक गोष्ट मला पटली. गेममधला मजकूर बहुतेक वेळा बटण दाबेपर्यंत थांबतो. सिनेमा थांबत नाही, वर्गातला शिक्षकही थांबत नाही. संथ वाचणाऱ्याला अशी थांबलेली ओळ हवी होती.

जुने गेम घ्यावेत का, हाही प्रश्न आला, कारण त्यांत कांजीच नसते. १९८६ चा पहिला ड्रॅगन क्वेस्ट ६४ किलोबाइटच्या चिपमध्ये बसवलेला होता. जागा वाचवण्यासाठी काताकानाची सगळी अक्षरंही घेतली नव्हती, जेमतेम वीस घेऊन राक्षसांची आणि मंत्रांची नावं तेवढ्यात बेतली होती. पोकेमॉनमध्येही कांजीचा पर्याय २०१० च्या ब्लॅक आणि व्हाइटपासून आला, त्याआधी सगळं काना लिपीत. नवशिक्याला हे सोयीचं वाटतं. पण नुसत्या काना लिपीत ‘हाशि’ लिहिलं तर तो पूल, जेवणाची काडी की कडा, हे संदर्भावरूनच ओळखावं लागतं. आणि आमच्या विद्यार्थ्याची सवयच नुसता उच्चार करून पुढे जाण्याची होती. त्याला नुसत्या काना लिपीतला गेम दिला असता तर तीच सवय पक्की झाली असती.

सप्टेंबरमध्ये डिसेंबरच्या परीक्षेचा अर्ज भरायचा की नाही, हेही ठरवायचं होतं. मी भरू नकोस म्हणाले. त्याला ते आवडलं नाही, पण त्याने ऐकलं.

पहिला निर्णय, आणि तो का फसला

आम्ही ‘झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ निवडला. तो घरात होता, स्विचची भाषा जपानी केली की गेमही जपानी होतो, आणि त्यात फुरिगाना आहे. गेम सुंदर आहे याबद्दल दुमत नाही.

सहा आठवड्यांत त्याने साठ-एक तास खेळला. ऑक्टोबरच्या शेवटी मी त्याला वही आणायला सांगितली. वहीत तेवीस शब्द होते: ढाल, तलवार, स्वयंपाक, डोंगरातलं देऊळ. एक शब्द त्याला फार आवडला होता, ‘गांबारी’. डोंगर चढताना नायकाचा दम दाखवणारी जी हिरवी चकती असते तिचं नाव त्यावरून आहे. वर्गात आपण ‘गांबात्ते कुदासाइ’ शंभरदा म्हणतो, तीच धडपड, तोच नेट. त्याने ते मन लावून सांगितलं. पण साठ तासांचे तेवीस शब्द!

मी त्याला माझ्यासमोर खेळायला लावलं. वीस मिनिटांत सगळं दिसलं. एखादा म्हातारा बोलू लागला की याचा अंगठा बटणावर नाचायचा आणि चार खोकी मजकूर निघून जायचा. मग नकाशावर खूण यायची आणि हा तिकडे धावायचा. वाचलं काय, न वाचलं काय, डोंगर तोच चढायचा होता. जिथे वाचत होता तिथेही नजर फुरिगानावर होती. खालची कांजी त्याने पाहिलीच नव्हती. फुरिगाना झाकून मी त्याला ‘ढाल’ची कांजी विचारली, त्याला आली नाही. साठ तास ती त्याच्या डोळ्यांपुढे होती.

इथे मला माझी चूक कळली. गेम निवडताना मी विचारलं होतं की मजकूर किती आहे आणि तो सोपा आहे का. विचारायला हवं होतं ते हे: वाचलं नाही तर काय अडतं? या गेममध्ये फारसं काहीच अडत नव्हतं.

दुसरा निर्णय: वाचल्याशिवाय पुढे जाता येणार नाही असा गेम

दुसऱ्या वेळी आम्ही ‘ग्याकुतेन साइबान’ घेतला, इंग्रजीत ज्याला ‘एस अ‍ॅटर्नी’ म्हणतात. मूळ गेम कॅपकॉमने २००१ मध्ये गेम बॉय अ‍ॅडव्हान्ससाठी काढला. पहिल्या तीन भागांचा जो संच २०१९ मध्ये आला तो लॅपटॉपवर चालतो आणि त्यात जपानी भाषा निवडता येते.

खेळ असा आहे. तुम्ही बचावाचे वकील. साक्षीदार पाच-सहा वाक्यांत साक्ष देतो. तुमच्याकडे पुराव्यांची नोंदवही असते. साक्षीतलं कुठलं वाक्य कुठल्या पुराव्याशी विसंगत आहे हे शोधायचं, आणि नेमक्या त्या वाक्यावर तो पुरावा पुढे करायचा. चुकलं तर दंड. आणि बरोबर पुरावा मिळेपर्यंत तीच साक्ष पुन्हा पुन्हा फिरत राहते.

शिक्षक म्हणून मला हे फिरणं सोन्यासारखं वाटलं. तीच सहा वाक्यं माणूस स्वतःहून दहा वेळा वाचतो, आणि प्रत्येक वेळी काहीतरी शोधत वाचतो. वर्गात मी उतारा तिसऱ्यांदा वाचायला सांगितला तर चेहरे पडतात.

धोकेही दिसत होते. यात फुरिगाना नाही. आवाज जवळजवळ नाही, एक-दोन आरोळ्या सोडल्या तर मजकूर नुसता टिकटिकत उमटतो. विषय खुनाचा. पण त्याला तो चालत होता आणि शब्द बघितल्यावर माझी शंका फिटली. क्वालिटी विभागातला माणूस दिवसभर काय करतो? नोंद आणि वस्तुस्थिती जुळते का ते बघतो. ‘किरोकु’ म्हणजे नोंद: गेममध्ये कोर्टाची नोंद, त्याच्या टेबलावर तपासणीची नोंद, कांजी त्याच. ‘शोगेन’ म्हणजे साक्ष, ‘शोको’ म्हणजे पुरावा, आणि दोन्हींतली पहिली कांजी त्याच्या कंपनीच्या कागदावर ‘होशो’ म्हणजे हमी या शब्दात दुसरी येऊन बसते.

‘गेंबा’ची गोष्ट तर सांगायलाच हवी. आपल्याकडे जपानी पद्धतीने चालणाऱ्या कारखान्यांत हा शब्द सर्रास चालतो. प्रत्यक्ष काम चालतं ती जागा म्हणजे गेंबा. हा मुलगा चार वर्षं तो शब्द रोज ऐकत होता, बोलत होता, पण कांजीत त्याने तो कधी पाहिला नव्हता. गेममध्ये खून झालेल्या जागेला उद्देशून दोन कांजी आल्या. त्याने शोधल्या आणि उच्चार निघाला गेंबा. रात्री साडेअकराला मला त्याचा मेसेज आला: “सेन्सेई, गेंबा!!!” इतकंच. घटना जिथे घडते ती जागा, मग ती शॉप फ्लोअर असो की खुनाची खोली. त्यानंतर तो शब्द त्याला पुन्हा शोधावा लागला नाही.

काम कसं चाललं

पहिल्या आठवड्यात त्याने प्रत्येक शब्द शोधला. गेममधला मजकूर कॉपी करता येत नाही, त्यामुळे फोनवर बोटाने कांजी काढायची, सापडली नाही तर पुन्हा काढायची. दीड तासात चार खोकी झाली. तो थकला आणि चिडलाही.

मग नियम ठरवला. शब्द पहिल्यांदा दिसला तर सोडायचा. दुसऱ्यांदा दिसला तर वहीत खूण. तिसऱ्यांदा दिसला तरच शोधायचा, आणि एका दिवशी दहापेक्षा जास्त नाही. वहीत तीन रकाने: हाताने काढलेली कांजी, उच्चार, आणि तो शब्द कुणाच्या तोंडी कुठे भेटला. तिसरा रकाना त्याला आधी वेळखाऊ वाटला. पण आठवण राहिली ती त्यामुळेच. वही उघडल्यावर ‘साक्षीदार दुसऱ्यांदा खोटं बोलला तेव्हा’ असं वाचलं की शब्द डोळ्यांपुढे यायचा. खेळायची वेळ रोज चाळीस मिनिटं. पहिला खटला संपायला चार आठवडे लागले.

वाटेत दोन ठिकाणी मीही काही शिकले. पहिलं काताकानाचं. काताकाना म्हणजे परकीय शब्द असं आम्ही पहिल्या महिन्यात शिकवतो. गेममध्ये ‘मुजुन’ हा शब्द सारखा यायचा आणि तो काताकानात लिहिलेला होता. तीन दिवस हा मुलगा त्याच्याशी मिळताजुळता इंग्रजी शब्द शोधत बसला. मुजुन म्हणजे विसंगती. मूळ कांजी दोन, भाला आणि ढाल. कशालाही भेदणारा भाला आणि कशानेही न भेदली जाणारी ढाल एकाच दुकानात विकणाऱ्या माणसाची जुनी चिनी कथा त्यामागे आहे. गेमने तो शब्द ठसठशीत दिसावा म्हणून काताकानात लिहिला होता. जपानीत असं सर्रास करतात. आता हे मी पहिल्या महिन्यातच सांगते.

आणि गंमत म्हणजे ढालीची तीच कांजी त्याने साठ तास पाहून विसरली होती. या वेळी विसरला नाही.

दुसरं म्हणजे इंग्रजी आवृत्तीचा आधार. अडला की भाषा इंग्रजी करून बघायची असं त्याने दोनदा केलं. इंग्रजीत पात्रांची नावं बदललेली, गोष्ट जपानातून लॉस एंजेलिसला नेलेली. मूळ नायकाचं आडनाव नारुहोदो, म्हणजे ‘अस्सं होय!’, पहिल्या खटल्यातल्या साक्षीदाराचं नाव यामानो होशिओ, आणि पोलिसांच्या बोलीत ‘यामा’ म्हणजे प्रकरण नि ‘होशि’ म्हणजे गुन्हेगार. हे सगळं इंग्रजीत दुसऱ्याच शब्दांत होतं. त्याचा गोंधळ वाढला. मी इंग्रजी बंद केली.

मराठीत सांग

नोव्हेंबरच्या मध्यावर तो एका साक्षीवर पाच दिवस अडकला होता. वही घेऊन आला. शब्द सगळे येत होते. वहीत वाक्याखाली इंग्रजी भाषांतर लिहिलेलं आणि बाणच बाण. वाक्याच्या शेवटाकडून सुरुवातीकडे जाणारे, मग परत मध्यावर येणारे. तेव्हा मला निदानाचा राहिलेला अर्धा भाग दिसला. हा मुलगा जपानी वाक्य इंग्रजीत बसवत होता. पाठ्यपुस्तकाच्या टिपा इंग्रजीत, शिकवणंही अर्धं इंग्रजीत, त्यामुळे प्रत्येक लांब वाक्य तो उलटं करून वाचत होता. उलटं करेपर्यंत सुरुवात विसरत होता.

मी फळ्यावर माझं एक वाक्य लिहिलं: मादो-कारा निगेते-इत्ता ओतोको-ओ मिमाशिता. आणि म्हणाले, “इंग्रजी सोड. आहे त्या क्रमाने मराठीत सांग.”

तो सांगत गेला. “खिडकी... तून. पळून... गेलेल्या. माणसा... ला. पाहिलं.” आणि थांबला. एकही शब्द हलवावा लागला नव्हता.

क्रियापद शेवटी, विभक्तीचं काम करणारा शब्द नामाच्या मागे, विशेषण होणारं अख्खं वाक्य नामाच्या पुढे: मराठीतही हे असंच आहे. त्याहून जवळचं सांगते. ‘शिते मिरु’ म्हणजे करून बघणं, ‘शिते ओकु’ म्हणजे करून ठेवणं, ‘शिते शिमाउ’ म्हणजे करून टाकणं. इंग्रजी टिपांमध्ये या प्रत्येकाला अर्धं पान लागतं, आणि आपल्या घरात पाच वर्षांचं पोरही ‘खाऊन टाकलं’ आणि ‘खाऊन बघितलं’ यातला फरक जाणतं.

तेव्हापासून नियम झाला: पुरावा पुढे करण्याआधी साक्षीतलं प्रत्येक वाक्य मराठीत, त्याच क्रमाने, तोंडाने म्हणायचं. त्याची आई शेजारच्या खोलीतून विचारायची, “अरे कुणाशी बोलतोयस?”

एका जागी मराठी दगा देते, तेही लवकरच दिसलं. ‘आला’, ‘आली’, ‘आलो’ यात कर्ता क्रियापदातच कळतो, म्हणून आपण तो बिनधास्त गाळतो. जपानीतही कर्ता गाळतात, पण ‘किता’ या एका रूपात आला, आली, आलो, आले सगळे मावतात. ‘दुकानात परत कोण गेलं’ हे त्याला पहिल्या दिवशी सांगता आलं नव्हतं ते याच कारणाने. क्रियापदापाशी पोचल्यावर कर्ता आपोआप कळेल अशी सवय होती, आणि जपानी क्रियापद तो सांगत नाही. मग आम्ही भर घातली: मराठीत म्हणताना कर्ता मुद्दाम उच्चारायचा. कोण गेलं? साक्षीदार गेला. कुणी पाहिलं? मी पाहिलं.

ज्या साक्षीवर तो पाच दिवस अडला होता ती अशी सुटली. साक्षीदार म्हणतो, प्रेत दुपारी एक वाजता पाहिलं, पण शवविच्छेदनाची नोंद मृत्यू चारनंतरचा सांगते. हे त्याने आधीच पकडलं होतं. मग साक्षीदार सावरून घेतो की वेळ टीव्हीच्या आवाजावरून कळली. इथे गाडी अडली होती. नोंदवहीत एक कागद होता, त्यावर दोन कांजी. दुसरी वीज, ती त्याला ‘देन्शा’ म्हणजे आगगाडी या शब्दामुळे येत होती. पहिली कांजी, डावीकडे माणसाची खूण आणि उजवीकडे छपराखालची बारीक मांडणी, त्याने बसथांब्याच्या शब्दात पाहिली होती. तो माझ्यासमोर बसून पुटपुटत होता, “थांबणं... वीज... वीज थांबली...” आणि एकदम ओरडला, “लाईट गेली होती!”

उच्चार त्याला माहीत नव्हता. ‘तेइदेन’ हा उच्चार मी नंतर सांगितला. पण अर्थ त्याने पाहिला होता, आणि लाईट गेलेल्या घरात टीव्ही लागत नाही हे समजून योग्य वाक्यावर तो कागद ठेवला होता. वाचन म्हणते ते मी याला. पुढच्या आठवड्यात त्याने सांगितलं की मशीनवरच्या लाल बटणाखाली जे चार कांजींचं ‘हिजो तेइशि’ लिहिलेलं असतं, आणीबाणीत थांबवायचं बटण, त्यातही तीच ‘थांबण्या’ची कांजी आहे. चार वर्षं ते बटण त्याच्या हाताशी होतं.

मीटिंगमधला प्रसंग

फेब्रुवारीत एक गोष्ट बिघडली. जपानहून आलेल्या एका वरिष्ठ इंजिनिअरसोबत मीटिंग होती. ड्रॉइंगमधलं एक माप आणि तक्त्यातलं माप जुळत नव्हतं. आमच्या विद्यार्थ्याने ते अचूक पकडलं आणि जपानीत म्हणाला, “सोनो हात्सुगेन वा मुजुन शिते इमासु.” व्याकरण बिनचूक. पण हे कोर्टातलं वाक्य झालं: तुमच्या विधानात विसंगती आहे. खोलीत शांतता पसरली. त्या गृहस्थांनी कागद खाली ठेवला आणि पुढचं सगळं बोलणं इंग्रजीत, दुभाष्यामार्फत केलं.

तो फार खजील होऊन आला. मला त्याच्यापेक्षा जास्त वाईट वाटलं, कारण हे मी आधी सांगायला हवं होतं. गेममधली पात्रं खऱ्या माणसांसारखी बोलत नाहीत. म्हातारा ‘वाशि’ म्हणतो, सामुराई ‘दे गोझारु’ म्हणतो, टगा ‘ओरे’ म्हणतो. या ठरावीक बोलीला जपानीत ‘याकुवारिगो’ असं नाव आहे. ऐतिहासिक नाटकं बघून मराठी शिकलेला परदेशी माणूस बँकेत जाऊन ‘आज्ञा असावी’ म्हणाला तर जसं वाटेल तसंच हे.

आम्ही वहीला चौथा रकाना जोडला: हे मी कुणाशी बोलू शकतो? बहुतेक शब्दांपुढे ‘कुणाशीच नाही, फक्त ओळखायचा’ असं आलं. त्या मीटिंगसाठी योग्य वाक्यही घोटून घेतलं: “सुकोशि काकुनिन सासेते इतादाकिताइ नो देसु गा...” म्हणजे, थोडी खात्री करून घ्यायची होती... आणि वाक्य तिथेच सोडून द्यायचं. समोरचा स्वतः कागद उचलतो.

निकाल

जुलैपर्यंत त्याने तीन खटले संपवले. एन-३ च्या परीक्षेत त्याला १०१ गुण मिळाले: भाषाज्ञान ३७, वाचन ३३, श्रवण ३१. तो पास झाला. शेवटचे दोन्ही उतारे या वेळी सोडवले होते.

हे आकडे नीट बघायला हवेत. एकूण गुण ९८ वरून १०१ झाले, म्हणजे फक्त तीन वाढले. वाचन दुपटीने वाढलं, पण श्रवण ४२ वरून ३१ वर आलं. मुक्या गेमने आठ महिन्यांचा ऐकण्याचा सराव खाऊन टाकला होता. चाळीस मिनिटं गेमला गेली ती आधी तो रेडिओला देत होता, आणि हे त्याने मला सांगितलं निकालानंतर.

कामावर तो आता ड्रॉइंगवरच्या टिपा वाचतो. मेलची जुनी साखळी निम्मी कळते. तिथली अतिविनयाची लेखी भाषा गेममध्ये नाही, ती वेगळी शिकावी लागते आणि आम्ही तिथेच आहोत.

पुन्हा केलं तर

पहिल्याच दिवशी उतारा वाचून घेतल्यावर मी एक वाक्य मराठीत म्हणायला सांगेन. इंग्रजीचे बाण तेव्हाच दिसले असते आणि अडीच महिने वाचले असते.

झेल्डाचे सहा आठवडे पूर्ण वाया गेले असं मी म्हणणार नाही, गेमची भीती आणि शंका दोन्ही तिथे गेल्या. पण दुसऱ्या आठवड्यातच त्याला समोर बसवून खेळताना पाहायला हवं होतं. वहीतून ते कळलं नसतं, नाचणाऱ्या अंगठ्याकडे पाहून लगेच कळलं.

डिसेंबरची परीक्षा टाळण्याच्या निर्णयाबद्दल माझं मन अजून पक्कं नाही. तेव्हा वाचनात तो पुन्हा अडकला असता असं वाटतं, पण श्रवण घसरतंय हे त्या निकालात दिसलं असतं आणि जुलैआधी सावरता आलं असतं.

आणि गेम बदलेन का? याच्यासाठी नाही. एका नर्सिंगच्या विद्यार्थिनीने मागच्या महिन्यात हाच गेम मागितला, तिला मी थांबवलं. तिला जपानमध्ये वृद्धांच्या सेवेचं काम करायचं आहे. तिला दुखणं, जेवण, झोप, हवामान, शेजारी अशा रोजच्या बोलण्याचे शब्द हवेत. आम्ही ‘दोउबुत्सु नो मोरि’ बघतोय, ज्याला इंग्रजीत ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग’ म्हणतात. त्यात गावातले प्राणी रोज भेटतात, विचारपूस करतात, ऋतूबद्दल बोलतात. अडचण तीच आहे, न वाचताही त्यात पुढे जाता येतं. म्हणून तिने रोज एका शेजाऱ्याचं बोलणं मराठीत लिहून मला पाठवायचं असं ठरलंय, कर्त्यासकट, आणि सोबत अर्धा तास ऐकण्याचा सराव. पहिल्या तीन दिवसांचे कागद आले आहेत. दुसऱ्या कागदावर कर्ता राहिला होता, तो तिला परत पाठवला आहे.